पातिव्रत्याच्या नावाखाली मारहाण

महोदय,

आमच्या भागात हरिनाम सप्ताहाच्या मंडपात पतिव्रतेचे माहात्म्य रंगवून सांगितले जाते आणि डोळ्याखालचा काळानिळा वळ पदराआड झाकून मागे बसलेली बाई ते मुकाट्याने ऐकते. नवऱ्याचा मान राखावा हे मान्य. पण बायकोवर हात उचलणे कोणत्या धर्मात बसते, हेही कीर्तनकारांनी एकदा सांगावे. ज्या जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातूनच दारू आणि पशुहत्येवर कोरडे ओढले, तिथे ही अपेक्षा गैर ठरू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार पीडितेला संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही आहे. देणगीदारांच्या (भल्या लांबलचक) यादीशेजारी महिला मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक लिहायला मंडळांची काय हरकत आहे?

– एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती