लिंकन यांच्या पलीकडे

महोदय,

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंतावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख लिंकनपासून निघाला आणि लिंकनपाशीच थांबला. गुलामगिरीविरुद्ध झगडलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य थॅडियस स्टीव्हन्स यांचा त्यात साधा उल्लेखही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये आपला ग्रंथ अमेरिकेतील ‘सदाचारी लोकांना’ अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते लोक कोण, याची चौकशी सहसा करत नाही.

१७९२ साली व्हरमाँटमधील गरीब घरात जन्मलेले, पायाने अधू असलेले स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियात वकिली करत. त्यांना संत ठरवायचे कारण नाही. १८२१मध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या एका गुलाम स्त्रीविरुद्ध त्यांनी मालकाचे वकीलपत्र घेतले आणि खटला जिंकलाही. पुढे मात्र ते पळून आलेल्या गुलामांचे खटले फी न घेता लढू लागले. १८३५मध्ये राज्यातला मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात असताना विधिमंडळात त्यांनी केलेल्या भाषणाने तो वाचला. १८३८च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना परिषदेचे सदस्य असूनही त्यांनी तिच्यावर सही केली नाही.

लेखात यायलाच हवी होती ती जमिनीची गोष्ट. सप्टेंबर १८६५मध्ये लँकेस्टर येथील भाषणात स्टीव्हन्स यांनी मागणी केली, की यादवी युद्धात बंड केलेल्या दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा कराव्यात आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत. हाती जमीन नसेल, तर कालचा गुलाम उद्या त्याच मालकाच्या शेतावर राबणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. पण खासगी मालमत्तेला हात लावणे त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातील अनेकांना रुचले नाही. १८६७मधील त्यांचे विधेयकही बारगळले आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनी वाट्याने करत कर्जात रुतले. मुक्त गुलामांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीतही स्टीव्हन्स यांना हवे होते तेवढे मिळाले नाही. तरी त्यांनी तिला मत दिले, कारण आपण देवदूतांत नव्हे तर माणसांत राहतो, असे ते म्हणाले. (वकिलीत मुरलेला माणूस तडजोड करतानाही कारण नोंदवून ठेवतो!)

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात लिंकन यांच्यानंतरचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८चा महाभियोग येईलच. दोषी ठरवायला सिनेटमध्ये एक मत कमी पडले, हे सांगताना, इतके आजारी असूनही आरोपांची बाजू चालवायला खुर्चीत बसवून तिथे उचलून आणले जाणारे स्टीव्हन्सही त्यात असावेत.

– एक निवृत्त वकील, सातारा