बाप दिसतो का? : चि. समीर यास पत्र

कोल्हापूर

चि. समीर यास,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. तुझ्या खोलीत राहणारा मित्र बाल्टिमोरमध्येच लहानाचा मोठा झाला, आणि गावाचे नाव सांगताच परगावचे लोक त्याला तिथल्या गर्दच्या टोळ्या आणि पोलीस यांच्यावरच्या 'द वायर' मालिकेविषयीच विचारतात म्हणून ती मालिका त्याला नकोशी झाली आहे, असे तू लिहिले आहेस. त्यापुढे तुझा प्रश्न असा की, मी तुला आवर्जून पाहायला सांगितलेली ही मालिका जर कृष्णवर्णीय पुरुषाला पुन्हा नाक्यावर गर्द विकायलाच उभे करत असेल, तर तिचे एवढे कौतुक कशासाठी. प्रश्न रास्त आहे आणि फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

मित्राची तक्रार मला मान्य आहे. 2002 ते 2008 या काळात एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर पाच पर्वांत या मालिकेचे 60 भाग दाखवले गेले आणि त्यांत कृष्णवर्णीय नटांचा मोठा ताफा होता. त्यात पोलीस अधिकारी आहेत, नगरपालिकेतले राजकारणी आहेत, शिक्षक आहेत, पाद्री आहेत. पण सर्वसाधारण प्रेक्षकाच्या डोक्यात उरतात ते दोघे : लांब कोटाखाली बंदूक बाळगून गर्दवाल्यांनाच लुटणारा ओमर, आणि टोळीचा हिशेब सांभाळता सांभाळता कॉलेजात जाऊन अर्थशास्त्र शिकणारा स्ट्रिंगर बेल. त्यांची चाल, त्यांची नजर, त्यांचा दरारा लोक लक्षात ठेवतात आणि रस्त्यात भेटलेल्या अनोळखी तरुणावर तेच चित्र चिकटवतात. तू निघालास तेव्हा न्यू जर्सीच्या काकांनी कोणत्या भागात पाऊल टाकू नये याची यादी तुला पाठवली होती, आठवते ना? ते स्वतः बाल्टिमोरला कधी राहिलेले नाहीत; त्या यादीतली बरीचशी माहिती दूरदर्शन संचाने पुरवलेली असणार.

तरीही ती मालिका पाहा असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. कृष्णवर्णीय पुरुष पडद्यावर किती वेळा दिसला याची मोजदाद करणारे पुष्कळ आहेत. मी एवढेच पाहतो की त्याच्यासमोर मूल उभे राहिले की तो काय करतो, आणि लेखक त्याला काय करू देतो. अमेरिकी दूरदर्शनवर या माणसाला दरारा सहज मिळाला. बापाची जागा मात्र त्याला भांडून मिळवावी लागली आणि मिळालेली पुन्हा पुन्हा गमवावी लागली.

हे नुसते माझे मत नव्हे. 1965 साली अमेरिकेच्या श्रम खात्यात काम करणारे डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांविषयी अहवाल लिहिला. गुलामगिरी आणि बेकारी यांनी त्या कुटुंबांचे काय केले हे त्यात होते, परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते बापाविना घर आणि बाईच्या हाती कारभार एवढेच. पुढे 1974 मध्ये 'गुड टाइम्स' सुरू झाली. ती विनोदी मालिका, म्हणजे आपण बोलतो आहोत त्या गंभीर मालिकांच्या किंचित बाहेरची. पण तिची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांनी घरात नवरा आणि मुलांचा बाप असेल तरच काम करीन, असे निक्षून सांगितले, आणि जॉन एमॉस यांनी जेम्स इव्हान्स हा कष्टाळू, तापट, मुलांसाठी झटणारा बाप उभा केला. थोरल्या मुलाचा लेखक विदूषक करत चालले आहेत म्हणून एमॉस त्यांच्याशी वाद घालत राहिले, आणि 1976 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. पडद्यावर जेम्स मोटार अपघातात गेल्याचे कळले आणि घर पुन्हा बापाविना झाले. जानेवारी 1977 मध्ये एबीसी वाहिनीने गुलामगिरीची कहाणी सांगणारी 'रूट्स' ही मालिका सलग आठ रात्री दाखवली, तेव्हा प्रौढ कुंटा किंटे या गुलामाच्या भूमिकेत हेच एमॉस होते : पळून जाऊ नये म्हणून ज्याचे पाऊल तोडले गेले आणि ज्याची मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत विकली गेली, असा बाप. एकाच नटाच्या वाट्याला लागोपाठ आलेल्या या दोन भूमिका मला त्या काळाविषयी बरेच काही सांगतात.

त्यानंतरची वीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण त्यात बंदूकधारी पोलीस आणि बंदूकधारी गुन्हेगार यांचीच गर्दी जास्त आहे. दोन अपवाद मात्र नमूद करण्यासारखे आहेत. 'ईआर' या रुग्णालयावरच्या मालिकेतला शल्यविशारद पीटर बेंटन करणारे एरिक ला साल यांनी आपल्या पात्राचे एका गोऱ्या डॉक्टर स्त्रीशी चाललेले प्रेमप्रकरण संपवावे, अशी मागणी स्वतः केली. बेंटन कृष्णवर्णीय स्त्रियांशी वागताना नेहमी रुक्ष आणि भांडकुदळ, आणि इथेच तेवढा हळवा, यातून जो संदेश जातो तो त्यांना पटत नव्हता. यशस्वी मालिकेतल्या नटाने एवढे ठामपणे बोलायला धाडस लागते. बेंटनचा सगळ्यांत लोभस भाग, मला विचारशील तर, ऐकू न येणाऱ्या आपल्या लहान मुलाबरोबर तो असतो तेव्हाचा आहे.

दुसरा अपवाद फ्रँक पेम्बल्टन. 'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट' ही मालिकाही बाल्टिमोरचीच; 1993 पासून 1999 पर्यंत चालली. आंद्रे ब्राउअर यांनी रंगवलेला हा खुनांचा तपास करणारा पोलीस अधिकारी शब्दांच्या बळावर जगणारा माणूस आहे. चौकशीच्या त्या कोंदट खोलीत तो आवाज न चढवता, वाक्यामागून वाक्य रचत संशयिताला कबुलीपर्यंत नेतो. लेखकांनी चौथ्या पर्वाच्या शेवटी याच माणसाला पक्षाघाताचा झटका आणला. पाचव्या पर्वात तो परत येतो तेव्हा साधा शब्द जिभेवर येत नाही, सहकारी अवघडून दुसरीकडे पाहतात, आणि या गर्विष्ठ माणसाला लोकांच्या संयमावर अवलंबून राहावे लागते. ब्राउअर यांना 1998 मध्ये नाट्यमालिकेतील प्रमुख अभिनेत्याचे एमी, म्हणजे अमेरिकी दूरदर्शनचे मानाचे पारितोषिक, मिळाले. त्या विभागात पुढचे कृष्णवर्णीय विजेते थेट 2017 साली, 'धिस इज अस'चे स्टर्लिंग के. ब्राउन. मधल्या काळात चांगले नट नव्हते असे कोण म्हणेल? 'द वायर'ला तर एकही एमी मिळाले नाही.

आता 'द वायर'कडे वळतो. तिसऱ्या पर्वात कटी नावाचा एक जण चौदा वर्षे तुरुंगात काढून येतो आणि जुन्या टोळीत पुन्हा रुजू होतो. एका चकमकीत प्रतिस्पर्ध्याचा पोरगा अगदी समोर सापडतो, आणि कटीला चाप ओढता येत नाही. तो म्होरक्यापुढे, एव्हन बार्क्सडेलपुढे, उभा राहून सांगतो की हे काम आता माझ्यात उरलेले नाही. एव्हन त्याला जाऊ देतो. शेजारी उभा असलेला साथीदार म्हणतो की हा एके काळी मर्द होता. एव्हन त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आजही आहे. टोळीच्या म्होरक्याच्या तोंडी हे घालणे सोपे नव्हते. पुढे कटी वस्तीतल्या मुलांसाठी मुष्टियुद्धाची तालीम काढतो, त्यासाठी एव्हनकडेच दहा हजार डॉलर मागायला जातो आणि एव्हन पंधरा देतो. पैसा कुठून आला हे मालिका विसरत नाही, आणि तालमीची किंमतही कमी करत नाही.

पण तुला मी जे खरोखर पाहायला सांगतो आहे ते चौथे पर्व. त्यात नेमंड नावाचा शाळकरी मुलगा आहे. त्याचा बाप वी-बे जन्मठेपेवर आहे. काचेच्या टाक्यांत मासे पाळणारा हा माणूस पहिल्या पर्वाच्या अखेरीस पोलिसांपुढे सँडविच खात खात इतरांनी केलेले खूनही आपल्या अंगावर घेतो, इतका तो टोळीचा निष्ठावंत. नेमंडची आई त्याला भारी कपडे घेऊन देते आणि बापाचे नाव राखण्यासाठी नाक्यावर उभे राहायला लावते. पोरगा तोंडाचा फटकळ आहे, पण त्या धंद्याला लागणारे काळीज त्याच्यापाशी नाही, आणि ते नसल्याची लाज त्याला पोखरते आहे. नोकरीतून बाहेर काढलेला पोलीस अधिकारी कॉल्विन शाळेतल्या एका प्रयोगात त्याला ओळखतो, आणि शेवटी तुरुंगात जाऊन बापाला भेटतो : तुमच्या मुलाला मी घरी नेतो, तो तुमच्यासारखा टोळीचा शिपाई होणार नाही, बाकी हवे ते होऊ शकेल.

वी-बे चिडतो, मग गप्प होतो. नंतर बायको भेटायला येते तेव्हा तो तिला बजावतो की पोराला जाऊ दे. ती कुरकुरते, तेव्हा तो आधी स्वतःच्या स्थितीकडे बोट दाखवतो, दुसरे काही होता येत असताना हे असे कोण होईल म्हणून. आणि त्याच दमात, माझा शब्द बाहेर अजून चालतो, अशी धमकीही देतो. समीर, हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. मुलाला ज्या दहशतीतून सोडवायचे, त्याच दहशतीचे उरलेसुरले बळ बाप त्याला सोडवण्यासाठी खर्च करतो. दुसरे कोणतेही बळ त्या माणसाजवळ नाही. लेखक त्याला एकाएकी साधू करत नाहीत. तो खुनी आहे, धमकावणारा नवरा आहे, आणि त्या खोलीत तो बापही आहे.

याच पर्वात नेमंडच्या सोबतचा मायकल उलट्या दिशेने जातो. सावत्र बापापासून धाकट्या भावाला वाचवण्यासाठी तो टोळीचा आधार घेतो, म्हणजे त्याचा कठोरपणा मायेतूनच सुरू होतो. ओमरच्या दराऱ्याचे काय होते तेही पाहा. एका गोळीबारानंतर गल्लीतली पोरे ओमर व्हायची पाळी कुणाची यावर भांडताना पोलीस अधिकारी बंक पाहतो, आणि पुढे ओमरला गाठून तो आपल्या वस्तीची ही काय दशा झाली म्हणून असा काही सुनावतो की ओमरला उत्तर सुचत नाही. पाचव्या पर्वात ओमर दुकानात सिगारेट घेत असताना एक लहान पोरगा मागून गोळी घालतो. संगीत नाही, झुंज नाही. ही भूमिका करणारे मायकल के. विल्यम्स समलिंगी ओमरला कुठेही थट्टेचा विषय होऊ न देता जगले. व्यसनाशी चाललेली आपली झुंज त्यांनी उघडपणे सांगितली होती. सप्टेंबर 2021 मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ते गेले.

तुझ्या मित्राच्या बाजूने एक मुद्दा तरीही उरतो, आणि तो मला टाळता येत नाही. या मालिकेचे कर्ते डेव्हिड सायमन हे 'बाल्टिमोर सन'चे माजी बातमीदार आणि एड बर्न्स हे आधी पोलीस व मग शाळाशिक्षक; दोघेही गोरे, आणि त्यांनी जोडलेले नामवंत कादंबरीकारही गोरे. त्यांनी वस्ती जवळून पाहिली, पण पाहिली ती बातमी, गुन्हा आणि शाळेचा वर्ग यांच्या दारातून. त्यामुळे संध्याकाळी कामावरून घरी येऊन मुलांचा अभ्यास घेणारा बाल्टिमोरचा साधा कृष्णवर्णीय बाप 60 भागांत फारसा भेटत नाही. तुझ्या मित्राचे घर त्या दारांतून दिसणार कसे?

म्हणून एव्हा ड्युव्हर्ने यांची 'क्वीन शुगर' (2016 ते 2022) ही मालिका 'द वायर'च्या जोडीने पाहा. तिचा प्रत्येक भाग स्त्रीने दिग्दर्शित केला आहे. लुइझियानातल्या उसाच्या शेतीची ती गोष्ट आहे, आणि साखर कारखाना ज्याच्या हाती तो शेतकऱ्याला कसा नाचवतो हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तुरुंगातून सुटलेला राल्फ एंजल आपल्या ब्लू नावाच्या लहान मुलाला वाढवतो आहे. ब्लूच्या हातात कायम एक बाहुली असते, केन्या नावाची. मुलग्याच्या हातात बाहुली पाहून लोक भुवया उंचावतात, पण बाप ती हिसकावून घेत नाही. त्या मालिकेत हा बाप मुलाला कुशीत घेऊन झोपवतो, शेतात राबतो, चुकतो, रडतो, आणि कॅमेरा त्याच्याकडे घाई न करता पाहतो. 'धिस इज अस'मधला रँडल चांगला आहे, ऑफिसच्या कोपऱ्यात भीतीने कोसळलेला तो मला विसरता येत नाही. परंतु गोऱ्या घरात दत्तक गेलेल्या मुलाची ती गोष्ट दर थोड्या वेळाने प्रेक्षकाला रडवल्याशिवाय राहत नाही, आणि मला त्याचा कंटाळा येतो. तुझ्या आईला येत नाही. तिने सगळी पर्वे पाहिली.

मित्राला 'द वायर' पाहण्याचा आग्रह करू नकोस. त्याला ती नको असण्याचा पूर्ण हक्क आहे. 'होमिसाइड' मात्र दोघे मिळून पाहता आली तर पाहा. गाण्यांच्या हक्कांच्या भानगडीत ती वर्षानुवर्षे ओटीटीवर नव्हती, 2024 मध्ये तुमच्याकडे पीकॉकवर आली. पाचव्या पर्वापासून सुरुवात केलीस तरी चालेल. पेम्बल्टन त्याला आपल्या शहरातला वाटतो की लेखकाच्या टेबलावर घडलेला, ते विचारून मला कळव.

तुझा,
बाबा