समासातला ‘का?’

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात मला पाच मिनिटं बोलायचं होतं. ती तुमच्या शोधनिबंधांबद्दल बोलण्यातच संपली आणि मनातलं राहून गेलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आलेखांच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या, रंगवणीवरची एक सिद्धता मी तुमच्या टेबलावर ठेवली होती. पानं २१, मेहनत आठ महिन्यांची. चार दिवसांनी ती परत मिळाली. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि सोळाव्या पानाच्या समासात एकच शब्द होता, ‘का?’ ‘हे उघडच आहे’ असं लिहून मी जिथून पुढे सरकले होते, नेमकी तीच ओळ. रात्रभर तिच्याशी झगडले. पहाटे सात शिरोबिंदूंचा एक आलेख सापडला, त्यानं ती ओळ खोटी पाडली आणि तिच्यावर उभं असलेलं सगळंच कोसळलं.

सकाळी मी ‘सोडते’ म्हणायला आले होते. तुम्ही माझी समजूत घालत बसला नाहीत. रंगीत खडू घेतलेत आणि केंपेंची सिद्धता फळ्यावर मांडलीत. कोणताही नकाशा असा रंगवायचा की लगतच्या प्रदेशांना एकच रंग यायला नको; त्याला चार रंग पुरतात, हे सिद्ध केल्याचं आल्फ्रेड केंपे यांनी १८७९ मध्ये जाहीर केलं. ११ वर्षं ती सिद्धता खरी मानली गेली. १८९० मध्ये पर्सी हेवूड यांनी चूक दाखवली. पाच शेजारी असलेल्या प्रदेशापाशी केंपे दोन रंगबदल एकदम करतात. एकेकटा बदल चालतो, पण दोन्ही मिळून केले की कधीकधी दोन शेजारी एकाच रंगाचे होतात. एवढं सांगून तुम्ही थांबला नाहीत. त्याच हेवूड यांनी केंपेंची युक्ती हाताशी धरून पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केलं, आणि १९७६ मध्ये केनेथ ॲपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं चार रंगांचं प्रमेय सिद्ध केलं तेव्हाही केंपेंच्या साखळ्या, म्हणजे दोनच रंगांच्या एकमेकांना लागून असलेल्या प्रदेशांच्या माळा, कामी आल्या. मग खडू खाली ठेवून म्हणालात, “आता तुझ्या एकवीस पानांत काय काय शाबूत आहे ते बघ.”

नऊ पानं शाबूत होती. माझा पहिला शोधनिबंध त्या नऊ पानांचा आहे.

जर्नलांकडून तपासायला येणारे निबंधही तुम्ही असेच वाचत आलात. या कामाला मोबदला नाही, नाव कुठे छापून येत नाही, आणि पदोन्नतीच्या फॉर्मवर त्याला जेमतेम एक ओळ मिळते. पहिल्यांदा मला रेफरी म्हणून बोलावलं तेव्हा तुम्ही बजावलंत, चूक सापडली तर ती दुरुस्त होते का हे बघितल्याशिवाय अहवाल पाठवायचा नाही. मी ते आजवर पाळलं आहे. तुमची पदं, समित्या, सत्कार यांबद्दल इतर लिहितीलच.

मला शनिवारचे शाळेतल्या मुलांचे वर्ग जास्त आठवतात. सहा मुलं गोलात उभी, आणि दर दोघांमध्ये एक धागा. ओळख असेल तर लाल, नसेल तर निळा. एकीला तुम्ही हातातले धागे मोजायला लावलेत. धागे पाच, रंग दोन, म्हणजे एका रंगाचे निदान तीन. समजा ते लाल. पलीकडच्या तिघांमध्ये एक जरी लाल धागा असला तर लाल त्रिकोण झाला, नसला तर त्या तिघांचाच निळा त्रिकोण. सहा जणांत त्रिकोण चुकवताच येत नाही! “पाच जण असले तर?” मागून एका मुलीनं विचारलं. उत्तर तुमच्या ओठांवर असणार, पण तुम्ही धाग्यांची गुंडी तिच्या हातात दिलीत आणि वर्ग संपून गेला तरी तिच्याजवळ बसून राहिलात. शेवटी तिनंच बाहेरचा पंचकोन लाल केला, आतली चांदणी निळी केली. त्रिकोण कुठेच नव्हता. मग तुम्ही तिला सांगितलंत की तिघांऐवजी आपसात एकाच रंगाचे धागे असलेला पाच जणांचा गट हमखास हवा असेल तर किती माणसं लागतात हे अजून जगात कुणालाच नेमकं ठाऊक नाही, उत्तर ४३ ते ४६ च्या दरम्यान आहे. ती त्यानंतर एकही शनिवार चुकली नाही.

माझी कोसळलेली बारा पानं मी टाकून दिली नव्हती. गेल्या महिन्यात ती पुन्हा काढली. अठराव्या पानावरचं विधान एक जादा अट घातली तर उभं राहतंय असं वाटतं. त्याची चार पानं सोबत पाठवते आहे, समास रुंद ठेवला आहे.

तुमची विद्यार्थिनी