कापलेला शर्ट

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आधी माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं पोरगं कुठं पडलं-बिडलं की काय, पाठीमागून शर्ट उघडा आणि तू आपला दात काढून हसतोयस, शेजारी ते तुझे सर कात्री घेऊन उभे. मग पप्पांनी खाली लिहिलेलं वाचून दाखवलं, सोलो झाला म्हणून, म्हणजे तू पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलंस म्हणून. आता खरं सांगते, हसू नको, डोळ्यात पाणी पहिल्यांदा आलं ते सोलोमुळं नाही, शर्टामुळं. अरे तो मी शिवलाय की! इचलकरंजीचं पांढरं पॉपलिन, दोनदा धुऊन मग बेतलेलं, कॉलरला चांगलं बकरम, तुझा डावा खांदा जरा उतरता आहे तो कळू नये म्हणून किती मापं घेतली होती. आणि कापला तो कापला, धड सरळ तरी कापायचा. मी फोटो मोठा करून बघितला, खालून वर बरा गेलाय आणि योकपाशी, खांद्याच्या पट्टीपाशी, येऊन कात्री तिरकी पळालीय. सरांना विमान चांगलं येत असेल, कापड नाही येत.

राग दोन दिवस होता. मग तू फोनवर सांगितलंस ते डोक्यात फिरत राहिलं. पूर्वीच्या विमानात दोन सीटा एकामागं एक असायच्या, त्या पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या जेनी विमानासारख्या, शिकणारा पुढं, शिकवणारा मागं, इंजिनाचा आवाज एवढा की काही ऐकू जायचं नाही आणि हेडफोन-बिडफोन तर नव्हतेच, मग मागचा माणूस पुढच्याचा शर्ट ओढायचा आणि कानाशी ओरडायचा. पोरगं एकट्यानं उडवून आलं की आता ओढायला शर्ट कशाला पाहिजे, म्हणून मागचं शेपूट कापून टाकायचं. असं म्हणतात. खरं-खोटं तिकडच्यांना माहीत, पण मला पटलं बघ. नुसतं कापलं असतं तर वाईट वाटलं असतं, का कापलं ते कळलं की कापडाचं दुःख कमी होतं.

पप्पांना तर आता नादच लागलाय, रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतात. आपल्याकडं फ्लाइंग क्लबात बादलीभर पाणी ओततात म्हणे अंगावर. अमेरिकेच्या नेव्हीत टाय कापतात. आणि जर्मनीत ते बिनइंजिनाचं ग्लायडर शिकतात ना, तिथं पहिला सोलो झाला की सगळे जण रांगेनं ढुंगणावर चापट्या मारतात आणि हातात काटेरी फुलांचा गुच्छ देतात! का, तर वर जाणारी गरम हवा ढुंगणाला कळायला पाहिजे म्हणून. एवढं हसलो आम्ही दोघं. तुझं नशीब, शर्टावर भागलं.

पण एक गोष्ट मनात राहिलीय ती लिहितेच. तू आधी सांगितलं नाहीस. लेखी परीक्षा झाली ते सांगितलंस, सरांनी लॉगबुकात सही केली की एकट्याला सोडतात आणि ती सही नव्वद दिवसच चालते तेपण सांगितलंस, पण उद्या आहे हे नाही. तुलाच माहीत नव्हतं म्हणतोस. सर म्हणाले आता थांब, बाजूला घे, आणि दार उघडून उतरले. हे मला खरं वाटतं, कारण मीपण तसंच करते, ते पुढं सांगते. तुमच्या अमेरिकेतल्या फिनिक्सला सकाळचे साडेसहा, म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. दुपारी तिकडं एवढं ऊन की हवा पातळ होते आणि विमानाला वर जायला जड जातं म्हणून सकाळी सकाळी उडवता, हे तूच शिकवलंस मला. तर त्यावेळी मी देवापुढं दिवा लावून भाकरी थापत होते आणि पप्पा कांदा चिरत होते. काही म्हणजे काही कळलं नाही रे. लोक सांगतात आईला कळतं, माझी पापणीसुद्धा लवली नाही. भाकरी उलट छान टम्म फुगली होती.

तू ते उजव्या सीटचं सांगितलंस ना, ते मला रोज दिसतं. सर उतरताना त्यांच्या सीटचा पट्टा परत लावून गेले, लोंबकळून कशात अडकू नये म्हणून. रिकामी सीट आणि तिला बांधलेला पट्टा. आणि तू म्हणालास विमान एकदम हलकं झालं, धावपट्टी संपायच्या आत केवढं वर गेलं. स्कूटीवरून मागचा माणूस उतरला की गाडी कशी उधळते तसंच असणार. सर तिकडं हातात वॉकीटॉकी घेऊन कडेला उभे. त्यांचं काय होत असेल ते मला विचार.

कारण माझ्याकडं शिकायला येतात त्या मुली, त्यांना सहा-सहा महिने मी जुन्या साड्यांवर, पेपरवर कापायला लावते. मग एक दिवस गिऱ्हाइकाचा खरा ब्लाउजपीस पुढ्यात टाकते, तोपण ऐंशी सेंटिमीटरचाच, चुकला तर दुसरा तुकडा नाही. आणि सांगते मी जरा वाण्याकडं जाऊन येते. वाण्याकडं काही काम नसतं. मी आपली जिन्यात उभी असते. आत उभी राहिले तर ती कापडाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघते. आणि आदल्या दिवशी सांगितलं तर रात्रभर झोपत नाही आणि सकाळी हात थरथरतात. म्हणून सांगायचं नसतं. तुझ्या सरांचं मी म्हणूनच मनावर घेतलं नाही, तुझंच घेतलं, उतरल्यावर पहिला फोन पप्पांना का?

बरं. तीन राउंड मारायचे, दरवेळी उतरून पूर्ण थांबायचं, असं ठरलेलं. पहिला छान झाला. तिसरा छान झाला. तू त्या दुसऱ्याचं घाईघाईत सांगितलंस आणि विषय बदललास, मी ऐकलं बरं का. फायनलला, म्हणजे उतरायला पट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर उंची जास्त झाली, खाली आलास तर विमान पट्टीवर टेकेच ना, तरंगत पुढं चाललं, सर एवढा वेळ शेजारी बसून वजन टाकायचे ते नव्हतं म्हणून. आणि तू पुन्हा पॉवर दिलीस आणि वर गेलास, गो अराउंड. पुन्हा अख्खी चक्कर, तिच्या सगळ्या बाजू, क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल, मग उतरलास. तुला वाटतं कमीपणा झाला, सगळ्यांसमोर. अरे मला तर त्या तीन लँडिंगपेक्षा हे न केलेलं लँडिंग आवडलं. एकटा होतास, कोणी सांगायला नव्हतं, आणि तुझं तुला कळलं की हे जमत नाहीये. आमच्या धंद्यात ही सोय नाही बघ. कात्री चालली की चालली, कापड काय परत जुळत नाही. माझी पहिली ऑर्डर मी अशीच बिघडवली होती, हात म्हणत होता थांब आणि मी लाजेनं पुढं कापत गेले, मला शिकवणाऱ्या बाई शेजारच्या खोलीत होत्या, एक हाक मारायची होती फक्त. गिऱ्हाइकाला नवीन पीस आणून द्यायला लागला, तोपण सिल्कचा.

आणि किती तास शिकून सोलो झाला, ते तासांचं डोक्यातून काढ. रूममेटचा सोलो तुझ्या आधी झाला म्हणून महिनाभर तोंड पाडून बसला होतास. पप्पा म्हणतात जेआरडी टाटांनी पावणेचार तास शिकून सोलो केला होता, मुंबईला, आणि १९२९ साली त्यांना देशातलं पहिलं लायसन्स मिळालं. पप्पांचा हेतू चांगला असतो, उदाहरण चुकीचं असतं. त्यावेळी आकाशात दुसरं होतं कोण? तुझ्या एअरपोर्टवर दोन धावपट्ट्या आणि सकाळपासून विमानांची रांग, टॉवरवाल्याचं ते भराभर इंग्लिश, ते कळायलाच माझ्या हिशोबानं चार तास जातील. तू वेळ घेतलास ते बरोबर केलंस. लोनचा हप्ता आमचा आम्ही बघतो, तू त्याचा हिशोब विमानात बसून करू नको.

आता कामाचं. तो कापलेला तुकडा स्कूलच्या भिंतीवर लावणार म्हणालास, त्यावर तारीख, विमानाचा नंबर, सरांची सही आणि त्या विमानाचं चित्र काढलंय. चित्र छान आहे, सरांना सांग माझ्याकडून. पण भिंतीवर कायमचा ठेवायचा का, यावर मी विचार केला. बाकीच्या पोरांचे पण तिथं आहेत, तुझा एकट्याचा काढून आणला तर वाईट दिसेल. राहू दे. कोर्स संपवून निघशील तेव्हा मात्र मागून घे, न विसरता. कडा उसवत असतील, तिथं कोणी तुरपाई करणार नाही, आणल्यावर मी करते.

आणि राहिलेला पुढचा भाग टाकू नको. बटणं चांगली आहेत त्याची, खिसापण शाबूत आहे.

नवीन शर्टाचं कापड घेतलंय, तेच पॉपलिन, यावेळी फिकट निळं. माप पाठव, छाती आणि गळा नीट टेपनं घे, अंदाजे नको, फोटोत गळा मला बारीक वाटतोय. पीठलं जमतं का आता? नुसता भात खात जाऊ नको. देवघरात पेढे ठेवलेत, शेजारी वाटले, त्या काकूंनी विचारलं मुलगा पायलट झाला का, म्हटलं नाही अजून, एकट्यानं तीन चकरा मारल्या. पप्पा लगेच म्हणाले, चार.

तुझी आई