एअर ग्राइंडर विकताना हवेचा खरा आकडा सांगा

संपादक महोदय,

चतुर्थीपूर्वी घर रंगवून घेण्याची गोव्यात जुनी रीत आहे आणि खाऱ्या, दमट हवेने गंजलेले गेट, खिडक्यांचे गज व जिन्याचे कठडे घासून काढण्याचे काम त्याआधी उरकावे लागते. पॉलिशपेपर आणि तारेच्या ब्रशने हात दुखवून घेण्यापेक्षा यंत्र बरे, असा विचार करून अनेकजण आता घरच्या शेडमध्येच लहानसे वर्कशॉप उभारतात. टायरमध्ये हवा भरण्यासाठी किंवा रंगाच्या फवारणीसाठी घेतलेला कॉम्प्रेसर तिथे असतोच, आणि त्याच हवेवर चालणारा अँगल डाय ग्राइंडर (वळलेल्या डोक्यावर लहान डिस्क वेगाने फिरवून घासणारे हातातले हत्यार) ऑनलाइन सहज मिळतो. हे हत्यार निवडताना ग्राहकाला जो आकडा दाखवला जातो तो अपुरा असतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जाहिरातीत आणि खोक्यावर बहुधा लिहिलेले असते की ग्राइंडरला 90 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) दाबाची हवा लागते आणि तो सरासरी 4 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 4 घनफूट, हवा खातो. हे वाचून ज्याच्याकडे दोन हॉर्सपॉवरचा, सिंगल फेजवर चालणारा कॉम्प्रेसर आहे तो निश्चिंत होतो, कारण साधारण हिशेबाने एका हॉर्सपॉवरमागे 90 पीएसआयला तीन ते चार सीएफएम हवा मिळते, म्हणजे आपल्याकडे सात सीएफएम आहे असे त्याला वाटते. परंतु ती सरासरी ग्राइंडर थोडा वेळ चालवून बराच वेळ थांबवला जातो असे गृहीत धरून काढलेली असते. लिव्हर पूर्ण दाबून धरल्यावर लहान डाय ग्राइंडरही 15 सीएफएमच्या आसपास हवा ओढतो आणि जरा मोठा असेल तर 20च्या वर जातो.

याचा परिणाम किती लवकर दिसतो ते साध्या गणिताने कळते. 15 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 425 लिटर हवा, तर सात सीएफएम म्हणजे जेमतेम 200 लिटर. उरलेली 225 लिटर कॉम्प्रेसरच्या टाकीतून यावी लागते. 50 लिटरच्या टाकीतील दाब आठ बारवरून सहा बारवर (एक बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय) उतरेपर्यंत तिच्यातून शंभर लिटर हवा निघते, म्हणजे हा साठा अर्ध्या मिनिटाच्या आतच संपतो. त्यानंतर डिस्क फिरताना दिसते, पण लोखंडावर टेकवली की तिचा जोर ओसरतो, आवाज भारी होतो आणि गंज निघण्याऐवजी नुसता चमकू लागतो. ग्राहक हत्याराला दोष देतो, दुसरे महागडे मागवतो, आणि तेही तितकीच किंवा अधिक हवा मागते. इकडे कॉम्प्रेसर बंद होण्याचे नाव घेत नाही. लहान पिस्टनचे कॉम्प्रेसर मध्येमध्ये विश्रांती मिळेल या हिशेबाने बनवलेले असतात, ते असे अखंड चालवले की डोके तापते आणि व्हॉल्व्ह लवकर जातात.

म्हणून ग्राइंडर पाहण्याआधी आपल्या कॉम्प्रेसरवरील पाटी नीट वाचावी असे मी आग्रहाने सांगेन. तिच्यावर पिस्टन किती हवा ढकलतो तो मोठा आकडा ठळक असतो, तर टाकीत प्रत्यक्ष पोहोचणारी हवा, जिला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, ती त्यापेक्षा बरीच कमी असते आणि अनेकदा दिलेलीच नसते. नळीचाही विचार करावा. पिवळ्या-निळ्या वेटोळ्यांची बारीक नळी टायरसाठी ठीक आहे, ग्राइंडरसाठी आतून 10 मिलिमीटरची नळी हवी, नाहीतर टाकीपाशी 90 पीएसआय असूनही हत्यारापर्यंत तेवढा दाब पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची, आणि ती मला गोव्यासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते. तीस अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता हा आपला पावसाळ्यातील नेहमीचा दिवस. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा आठ बारला दाबून पुन्हा गार झाली की त्यातील चार ग्रॅमही वाफ टिकत नाही आणि 20 ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी बाहेर पडते. ग्राइंडर तेवढी हवा अडीच मिनिटांत संपवतो. यातील काही पाणी टाकीत साठते, पण टाकीतून निघणारी हवा अजून गरम असल्याने बाकीचे नळीत गार होऊन थेट हत्यारात जाते. तिथे रोटरच्या खाचांमध्ये सरकणाऱ्या पातळ पात्या असतात, ज्यांना कारागीर व्हेन म्हणतात. पाण्याने रोटरवर तांबेरा चढतो, व्हेन अडकतात आणि महिनाभर कपाटात ठेवलेले हत्यार चतुर्थीच्या आठवड्यात फिरतच नाही. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी न लावता काही मीटर पाइप सोडून, हवा गार झाल्यावर लावावा. काम सुरू करण्यापूर्वी हवेच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत आणि काम संपल्यावर पुन्हा तेवढेच सोडून हत्यार काही सेकंद मोकळे फिरवावे. टाकीच्या तळाचा नळ दररोज उघडावा, कारण टाकी आतून गंजून पातळ झाली तर धोका हत्याराचा नसून माणसाच्या जिवाचा असतो.

हत्यारासंबंधी थोडक्यात लिहितो. सरळ डाय ग्राइंडर भोकात किंवा पोकळ भागात बर, म्हणजे दांडीवरचे दातेरी पाते, घालून काम करण्यास चांगला. अँगल प्रकारात डोके 90 अंशांत वळलेले असल्याने हात कामाच्या वर सपाट राहतो, आणि गेटच्या बिजागरीमागे किंवा स्कूटरच्या चासीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे चार इंची ग्राइंडर शिरतच नाही, तिथे दोन इंचांची डिस्क पोहोचते. त्या डोक्यात गिअर असतात, म्हणून ग्रीस भरण्याची सोय आहे का ते पाहावे. कॉलेट, म्हणजे बरची दांडी पकडणारे तोंड, सहा मिलिमीटरचा आहे की पाव इंचाचा, हे बर विकत घेण्यापूर्वी तपासावे, कारण दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक असला तरी एकाचा बर दुसऱ्यात नीट पकडला जात नाही. बाहेर पडणारी हवा मागच्या बाजूने जाणारे मॉडेल घेतले तर गंजाची धूळ तोंडावर उडत नाही. लिव्हरला आधी खटका सरकवावा लागतो असे संरक्षण असलेच पाहिजे.

एका धोक्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. हे ग्राइंडर मिनिटाला 20,000 ते 25,000 फेरे घेतात. चार इंची कटिंग चाक, जे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ते सेकंदाला 80 मीटर कडेच्या वेगासाठी, म्हणजे सुमारे 15,000 फेऱ्यांसाठी बनवलेले असते. अडॅप्टर लावून ते डाय ग्राइंडरवर चढवले तर 20,000 फेऱ्यांना कडेचा वेग 105 मीटर होतो. हत्यारावर गार्ड नसते आणि चाक फुटले तर त्याचे तुकडे चेहऱ्याकडे येतात. चाकावर छापलेला फेऱ्यांचा आकडा हत्याराच्या आकड्यापेक्षा जास्त असल्याशिवाय ते कधीही लावू नये, आणि अशी अडॅप्टरे ग्राइंडरसोबत मोफत देण्याची पद्धत विक्रेत्यांनी आजच बंद करावी. चष्मा, कानाचे संरक्षण आणि मास्क यांशिवाय हे हत्यार हाती घेऊ नये.

एवढे वाचून कोणी विचारेल की मग विजेवरचा डाय ग्राइंडर का घेऊ नये. संपूर्ण गेट सलग घासायचे असेल तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाव-अर्धा हॉर्सपॉवरचे काम हवेकडून करून घेण्यासाठी चार हॉर्सपॉवरची वीज जाळणे घरी परवडत नाही. हवेच्या हत्याराचे बळ वेगळे आहे. ते अर्ध्या किलोच्या आसपास भरते, बोटाच्या दाबाने वेग कमी-जास्त करता येतो, अडकून थांबले तरी मोटर जळत नाही आणि त्यात विजेचा प्रवाह नसतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर भर पावसात बोटीची दुरुस्ती करणाऱ्यांना या शेवटच्या गुणाचे मोल सांगायला नको.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने मालाचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. त्याच्या आधारे माझी मागणी एवढीच आहे की हवेवर चालणाऱ्या प्रत्येक हत्यारावर सलग चालवतानाचा हवेचा खप आणि प्रत्येक कॉम्प्रेसरवर 90 पीएसआयला मिळणारी प्रत्यक्ष हवा, हे दोन आकडे ठळकपणे छापले जावेत. विक्रेत्यांनी ते सांगण्यास नकार दिला तर ग्राहकांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. शिवाय म्हापसा, डिचोली आणि फर्मागुडी येथील आयटीआयमध्ये कॉम्प्रेसर आणि शिक्षक दोन्ही आहेत. तेथे पावसाळ्यापूर्वी एखाद्या शनिवारी घरगुती कारागिरांसाठी प्रात्यक्षिक ठेवून टाकीचा काटा ग्राइंडर चालू असताना किती वेगाने उतरतो हे दाखवावे, अशी राज्याच्या कौशल्य विकास खात्याला विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
डिचोली