तांब्याच्या दागिन्याची घडणावळ उघडपणे सांगावी

संपादक महोदय,

कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात आणि शहरात अन्यत्र भरणाऱ्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत तांब्याच्या तारेत खडे, मणी आणि जुन्या मोडक्या दागिन्यांचे तुकडे गुंफून केलेली पदके, कानातली व कडी अलीकडे बरीच दिसू लागली आहेत. मी स्वतः हे काम करते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळते याचा मला आनंदच आहे. माझा आक्षेप आहे तो या वस्तू ज्या शब्दांत विकल्या जातात त्यांना. हे कडे घातले की गुडघेदुखी थांबेल, हा खडा घरातील नकारात्मक ऊर्जा शोषून घेईल, असे विक्रेते सर्रास सांगतात आणि किंमतही त्याच आधारावर लावतात.

असे का होत असावे, हे गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, दागिने घेणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. सोने घेताना आपण वजन, त्या दिवसाचा भाव आणि वर घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरी असा हिशेब मांडतो आणि घासाघीस करतो ती घडणावळीवर. हाच हिशेब तांब्याला लावला की पंचाईत होते, कारण एका पदकाला जेमतेम काही ग्रॅम तार लागते, तिचे मोल किरकोळ असते आणि उरते ती जवळजवळ सगळी घडणावळच. ती स्पष्टपणे मागण्याचा संकोच वाटतो, म्हणून तिच्यावर औषधी गुणांचे पांघरूण घातले जाते. हे पांघरूण फाटके आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या 70 रुग्णांवर तांब्याच्या कड्यांची चाचणी घेऊन 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात वेदना, सूज किंवा आजाराची वाढ यांवर या कड्यांचा उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. शिवाय जादूई उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा 1954 चा कायदा आपल्याकडे आहे आणि ज्या विकारांबाबत अशा जाहिराती करता येत नाहीत, त्यांच्या यादीत संधिवाताचा समावेश आहे. कडे घातल्यावर मनगटावर हिरवट डाग पडतो, तो घामातील क्षारांशी तांब्याची प्रक्रिया झाल्यामुळे. साबणाने धुतला की जातो. ‘शरीरातील दोष बाहेर पडत आहेत’ असे त्याचे समर्थन मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, तेव्हा हसावे की चिडावे ते कळले नव्हते.

वास्तविक ज्या घडणावळीचा संकोच वाटतो, तीच या दागिन्यात पाहण्यासारखी असते. खड्याला भोक पाडायचे नाही, कोठेही डाख देऊन (धातू वितळवून) जोडायचे नाही, केवळ तारेच्या वेढ्यांनी तो असा धरायचा की त्याचा दर्शनी भाग मोकळा राहावा आणि तरीही तो निसटू नये. सांगाड्याला साधारण एक मिलिमीटर जाडीची तार, तर वेढ्यांना त्याच्या निम्म्याहून बारीक तार लागते. तांबे मऊ असले तरी वाकवत गेले की ताठर होते आणि तोच वाक पुन्हा पुन्हा सरळ केला तर तुटते; मग तार लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावी लागते. मात्र एकदा खडा बसला की ती सोयही राहत नाही, कारण आचेने खडा तडकण्याची भीती असते. पक्कड जरा जोरात दाबली की तारेवर वण उठतो, तो सहजासहजी जात नाही. आपल्या नथीतले मोतीही सोन्याच्या तारेनेच बांधलेले असतात, आणि ते बांधणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो, वैद्य म्हणत नाही. मण्यांचे म्हणाल, तर इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातही प्राचीन मणी सापडले आहेत; या गावाला मण्यांचे कौतुक नवे नाही.

सोन्यावर शुद्धतेचा हॉलमार्क आणि प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख पटवणारा सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तांब्यावर असे काहीच नसते, म्हणून विक्रेत्याने प्रत्येक वस्तूसोबत स्वतःच्या सहीची चिठ्ठी द्यावी, असे मला वाटते. तार अस्सल तांब्याची आहे की तांबूस रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमची, हे तीत असावे. ॲल्युमिनियम हाताला हलके लागते. वेल्डिंगची तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार लोहचुंबकाला चिकटते. खडा नैसर्गिक, रंगवलेला की काचेचा, हेही लिहावे. रंगवलेला अकीक विकण्यात गैर काही नाही, तो रंगवलेला आहे हे न सांगण्यात आहे.

‘पुनर्वापर’ हा शब्द तर फारच सैलपणे वापरला जातो. उद्यमनगरातील कारखान्यांत विजेच्या मोटारी पुन्हा वाइंडिंग करताना निघणारी तार वापरली तर तिच्यावर इनॅमलचा (वीजरोधक लेपाचा) थर असतो, आणि तो खरवडून काढला आहे की तसाच ठेवला आहे हे ग्राहकाला कळले पाहिजे. जुन्या वायरींवरील प्लॅस्टिक जाळून मिळवलेल्या तांब्याला पर्यावरणस्नेही म्हणणे मात्र मला मान्य नाही. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घातक असतो, वायर सोलून काढायला वेळ लागला तरी चालेल. जुन्या कृत्रिम दागिन्यांच्या सुट्या भागांत निकेल असू शकते आणि त्याची ॲलर्जी अनेकांना असते. म्हणून कानातल्यांचे आकडे तरी चांदीचे असावेत. चांदीकामाची हुपरी इतकी जवळ असताना त्यात अडचण येऊ नये. चिठ्ठीच्या मागे एक ओळ निगेविषयी छापावी. चिंचेने किंवा लिंबाने तार उजळते, पण दागिन्यात मोती किंवा पोवळे असेल तर त्याच आंबटाने त्याची चकाकी कायमची जाते.

प्रदर्शनांचे आयोजक स्टॉल देताना भाडे, वेळ आणि विजेच्या जोडणीच्या अटी लेखी घालतात. तांब्याचे व खड्यांचे दागिने विकणाऱ्यांसाठी त्यांत आणखी दोन अटी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे: प्रत्येक वस्तूसोबत साहित्याची चिठ्ठी असावी आणि कोणत्याही आजारावर गुण येत असल्याचा दावा तोंडी किंवा फलकावर करू नये. दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनांचे अर्ज निघण्याआधी याचा विचार झाल्यास बरे होईल.

आपली,
एक हस्तकारागीर,
राजारामपुरी, कोल्हापूर