शमूस, नागपूरला

भायखळा, मुंबई
रविवार, 6 जुलै 2025

प्रिय शमू,
ख्रिस्ती सलाम.

पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. "पोचलो, खोली बरी आहे." बरी म्हणजे कशी ते काही कळलं नाही. पाणी किती वाजता येतं, खिडकी आहे का, पंखा नीट चालतो का, काही नाही. असो. हे पत्र उपदेश करायला लिहीत नाहीये. फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. कुरियरवाला उद्या येईल त्याच्याकडे शर्टांच्या पुडक्यात घालून देईन.

आज चर्च अर्धं रिकामं होतं. पाऊस आणि वर मेगाब्लॉक. पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. आपल्या मंडळीतला तरुण नोकरी नाकारून विद्यार्थ्यांमध्ये पूर्ण वेळ सेवेला निघाला, त्याला बळ दे, वगैरे. महिला संघाच्या सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. मला अगदी भरून आलं. आणि त्याच क्षणी वाटलं, एवढ्या मोठ्याने नाव कशाला घ्यायचं, तेही माईकवर. रस्त्याकडच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

बघ, ठरवलं होतं की हे लिहायचं नाही, आणि पहिल्याच पानावर लिहून बसले. आता लिहिलंच आहे तर पूर्ण ऐक. हॉस्टेलवर मुलांबरोबर बायबलचं वचन वाचायला बसशील तेव्हा खोलीचं दार उघडं ठेव. कितीही गोंगाट असला तरी. एकट्या मुलाला घेऊन बसू नकोस, निदान तिघं तरी असा. कुणाला पैसे देऊ नकोस, उसनेही नको. फी भरायला कमी पडत असतील तर त्याला कॉलेजच्या ऑफिसात घेऊन जा, स्वतःच्या खिशात हात घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून सांगते.

दाराचं एवढं का, तर एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. तू दोन वर्षांचा होतास. माझी नाइट होती. सकाळी ऑपरेशनला जायची होती ती बाई रात्रभर जागी. पहाटे तिची तयारी करायला मी पलंगाभोवती पडदा ओढला, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही लोक प्रार्थना करता ना, माझ्यासाठी करा." मी केली. दोन मिनिटं, हळू आवाजात. बाईचं ऑपरेशन नीट झालं, ती घरी गेली. आठवड्याने तिच्या मुलाचा अर्ज आला. मेट्रनने बोलावलं. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि तीन-तीनदा एकच विचारलं, "पडदा का ओढला होता?" मी सांगतेय एनिमासाठी, आणि कुणाचाही विश्वास बसत नाही. पुढे काही झालं नाही, पण वर्षभर मी वॉर्डात पडद्याला हात लावताना आधी इकडेतिकडे बघायचे. प्रार्थना केल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण पडदा लोकांच्या डोक्यात राहतो. म्हणून दार.

आणि तेव्हा व्हिडिओवाले मोबाईल नव्हते. आता अर्ज करायचीही गरज नाही, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरतो.

पप्पांनी तुझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवली आहे. बघितलीस का? स्टेशनवर आले नाहीत म्हणून तू तोंड पाडून गाडीत चढलास, पण आदल्या रात्री ते दीड वाजेपर्यंत डायनिंग टेबलवर बसून ती लिहीत होते. त्यात काय आहे ते मी वाचलंय. घटनेचं कलम 25, धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क, आणि त्याखाली लाल पेनाने: "सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या अधीन राहून." मग 1977 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. मग धार्मिक भावना दुखावण्याचं कलम 295 अ आता 299 झालंय तेही. सरकारने फेब्रुवारीत जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या नव्या कायद्यासाठी समिती नेमली त्याचं कात्रण मागे टाचलंय. तीस वर्षं सिटी सिव्हिल कोर्टात काढलेल्या माणसाचा आशीर्वाद असाच येणार. खाली एका वकिलांचा नंबर आहे, नागपूरच्याच. तो फोनमध्ये सेव्ह कर, आत्ता, पत्र बाजूला ठेवून.

त्या जेवणाच्या वेळी जे झालं त्यावर मी आजवर काही बोलले नाही. ऐरोलीच्या कंपनीचं नोकरीचं पत्र तू टेबलावर ठेवलंस आणि म्हणालास, मी हे घेत नाहीये. पप्पांनी ताट सरकवलं. मग त्यांनी ती 1839 ची केस काढली. त्यांना जुन्या केसेसचा नाद, तुला ठाऊक आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. विल्सनच्या शाळेतली पारशी मुलं, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, बाप्तिस्मा घेतात, सगळा पारशी समाज खवळतो, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात, आणि लोक आपली मुलं शाळेतून काढून नेतात. पप्पा म्हणाले, "बघ, कॉलेजातल्या कामाचं मुंबईत पहिल्यांदा काय झालं ते." तू म्हणालास, "पण धनजीभाई शेवटी रेव्हरंड झालेच ना?" आणि तुम्ही दोघंही जिंकल्यासारखे गप्प झालात. भाजी गार झाली.

मी भांडी घासताना दुसऱ्याच मुलाचा विचार करत होते. पप्पांनीच कधीतरी सांगितलेला, श्रीपत शेषाद्री. 1843. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्याचं नाव आपल्या प्रत्येक इतिहासात आहे. धाकटा श्रीपत बाराएक वर्षांचा. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावरून ब्राह्मणांत केवढं वादळ, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आपण ही गोष्ट नेहमी नारायणाच्या अंगाने ऐकतो. मी म्हणते, त्या बापाने काय केलं असेल? एक मुलगा गेला आणि दुसऱ्यासाठी कोर्टाची पायरी चढला. त्याच्याकडे बघताना मला आता पूर्वीसारखं वाटत नाही. आपला मुलगा देवाने नेला तर आनंद मानायचा हे मला लहानपणापासून शिकवलंय, तरी शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेस हलली तेव्हा मी सीएसएमटीच्या खांबाला धरून उभी होते. ज्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही, त्यांनी काय करावं?

म्हणून सांगते. तुझ्यासमोर जो मुलगा बसेल त्याच्यामागे बुलढाण्यात नाहीतर गोंदियात एक घर असेल. कर्ज काढून मुलाला शिकायला पाठवलेलं. त्याचं वचन वाचून होईपर्यंत थांबू नकोस, आधी विचार, घरी फोन केलास का? त्याला घरापासून लपवायला शिकवू नकोस. कुणी म्हणालं की घरी सांगू नकोस, तर तिथे सावध हो. अठरा वर्षांचं पोर हॉस्टेलवर एकटं असतं, त्याला कुणीही प्रेमाने चहा पाजला तरी तो त्याच्या मागे जाईल. त्याचं एकटेपण म्हणजे देवाचं पाचारण नव्हे.

झालं, लेक्चर झालं. माफ कर. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. 1954 पासून तुमचं हे काम आपल्याच इथले विद्यार्थी आणि पदवीधर चालवतायत, बाहेरच्या पैशावर नाही, असं तूच मला समजावलं होतंस आणि मी नगरच्या मामांना तेच ठणकावून सांगितलं. ते म्हणत होते, "अमेरिकेचं वारं आहे." मी म्हटलं, "मामा, तुमचं अमेरिकन मिशनचं हायस्कूल कुठलं वारं होतं?" त्यानंतर ते रूथच्या लग्नाच्या हॉलबद्दल बोलायला लागले.

अमेरिकेचं मात्र थोडं खरं आहे. फेब्रुवारी 2023, मी रात्री पाणी प्यायला उठले तर तुझ्या चादरीखाली उजेड. मी चादर ओढली तर तू रडत होतास. मला वाटलं, ती डोंबिवलीची पोरगी. खरंच तसं वाटलं, आणि मनात तिला शिव्याही घालून झाल्या. तू काही न बोलता मोबाईल पुढे केलास. केंटकीतल्या विल्मोर नावाच्या गावातलं असबरी युनिव्हर्सिटी, बुधवारची चॅपल संपली आणि मुलं उठलीच नाहीत. ना लाइट, ना धूर, नुसता पियानो, गिटार आणि पुढे येऊन गुडघे टेकणारी पोरं. पुढे दोन आठवडे ते चाललं, सहा हजारांच्या गावात पन्नासएक हजार माणसं आली म्हणे. तू अकरावीपासून रविवारी दुपारपर्यंत झोपायचास. पाळकसाहेबांचं प्रवचन 1990 सालातलं आहे म्हणायचास (आहेच). तुझ्यासाठी मी प्रार्थना करायचं सोडलं नव्हतं, पण फार आशा ठेवून करत होते असंही नाही. आणि तू रात्री दोन वाजता मला विचारतोस, "आई, आपल्याकडे असं कधी झालं होतं का?"

झालं होतं. तेव्हा मी झोपेत अर्धवट सांगितलं, आता नीट सांगते. माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आली, सातआठ वर्षांची, घरचं कुणी उरलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी तशा शेकडो मुली आणल्या होत्या. जून 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आलं तेव्हा पणजी तेरा वर्षांची. आजी सांगायची की मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठत नव्हतं. लोक ती गोष्ट एवढीच सांगतात. पणजीला जास्त आठवायचं ते त्यानंतरचं. मुलींच्या टोळ्या करून आसपासच्या गावांत पाठवायचे. पणजी एका गावी विहिरीवर गेली, तिथल्या म्हातारीने तिला पाणी वरून ओतलं आणि विचारलं, "तुझी आई कुठंय गं?" पणजी पाठ केलेलं सगळं विसरून गेली आणि तिने भोकाड पसरलं. म्हातारी तिच्याजवळ बसून राहिली. त्या दिवशी सुवार्ता कुणी कुणाला सांगितली, असं आजी विचारायची आणि पदराला हात पुसत उठायची.

तर तुझ्या रक्तात ते आहे, मी नाही कशी म्हणू. नाव तरी मीच ठेवलं. हन्नाने शमुवेलाला मंदिरात नेऊन सोडलं आणि दरवर्षी त्याच्यासाठी झगा शिवून नेला. मला शिवता येत नाही, म्हणून परळहून दोन शर्ट घेतलेत. निळा मोठा होईल, तो बाही दुमडून घाल.

आज आषाढी. शिंदेकाकू पहाटेच वडाळ्याला जाऊन रांगेत उभ्या राहिल्या, भिजून आल्या, तरी साबुदाण्याची खिचडी करून वाटी घेऊन आल्याच. खाली मंडळाने सकाळपासून अभंग लावलेत. मला बरं वाटतं ते ऐकायला. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचेच ना, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. काकूंनी विचारलं, "शमू कुठे लागला हो?" मी म्हटलं, "विद्यार्थ्यांमध्ये काम करतो." "म्हणजे क्लास घेतो?" "हो, तसंच काहीसं." पेत्राने येशूला ओळखतच नाही म्हटलं तसंच झालं, कोंबडा तेवढा आरवायचा राहिला.

नंतर वाटीत साखर घालून परत द्यायला गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. दारातच. नोकरी घेतली नाही, कॉलेजातल्या मुलांना बायबल शिकवणार, पगार फारसा नाही. काकू बराच वेळ वाटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पप्पा चिडले असतील." मी म्हटलं, "बोलत नाहीत." त्या म्हणाल्या, "आमचा ओंकार वारीला निघाला असता तर मी पण चिडले असते. पण चपला मीच घेऊन दिल्या असत्या." पुढे त्या आणखी काही बोलणार होत्या, बोलल्या नाहीत. मला कळलं काय ते. त्यांनी नाही विचारलं, हा त्यांचा मोठेपणा.

लोनचे हप्ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, डिसेंबरपर्यंत माझ्या पेन्शनमधून जातील, पुढचं पुढे. पप्पांना फोन तू कर. पहिल्यांदा "हं" म्हणतील आणि मला देतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. ते रोज रात्री मोबाईलवर नागपूरचं हवामान बघतात आणि मला मोठ्याने वाचून दाखवतात, मी विचारलेलं नसताना.

आणि हो, महत्त्वाचं राहिलंच. ओंकारचा मिहानमधल्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे, पुढच्या महिन्यात. काकूंनी मला विचारलं, "दोन दिवस शमूकडे राहिला तर चालेल का?" माझ्याकडून सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, हे लक्षात घे. मी हो म्हटलंय. त्याला पलंग दे, तू खाली झोप. तो सोमवारी मटण खात नाही, विसरू नकोस. इंटरव्ह्यूला स्वतः सोडून ये. तुझ्या कामाबद्दल त्याने विचारलं तर काही लपवू नकोस, सगळं सांग. नाही विचारलं तर मॅच बघा.

तुझी,
आई